फेस्टी लायडनचे खडक

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. म्हटलं, फेस्टीवर लिहायचा मला काय हक्क? त्यानं तीन वेळा बोलावलं आणि मी एकदाही गेले नाही. असल्या माणसानं गप्प बसावं. पण काल आईनं त्याच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीचा एक फोटो पाठवला, आणि आत्ता मी डब्लिनहून सुटलेल्या बसमध्ये बसून फोनवर भराभरा टाइप करतेय. चुका होतील. होऊ देत.

फेस्टी लायडन आमचा शेजारी. शेजारी म्हणजे मध्ये एक कुरण, त्यात दोन गाढवं, आणि हिवाळ्यात त्याची उलटी करून ठेवलेली बोट. कॉरिब तळ्यावर चव्वेचाळीस वर्षं नावाडी होता. लांबलांबून लोक ट्राउट धरायला यायचे, त्यांना बोटीत घालून तळ्यावर न्यायचं, मासे कुठे आहेत ते दाखवायचं, दुपारी बेटावर चूल पेटवून धुराचा वास मारणारा चहा पाजायचा आणि संध्याकाळी धड परत आणायचं, हे त्याचं काम. यातलं धड परत आणणं सगळ्यात अवघड. कारण कॉरिब वरून बघितलं तर गरीब गाय वाटतं, पण पाण्याखाली वीतवीतभर खोलीवर खडक लपलेत. दरवर्षी कुणाची ना कुणाची तरी बोट फुटते. फेस्टीची कधी फुटली नाही.

त्याला सगळे खडक पाठ होते. आणि प्रत्येकाला त्यानं नाव ठेवलं होतं. बिशपची कवळी. म्हातारीचा गुडघा. एक होता झोपलेला पोलीस. खडक सापडायचा तो खुणांनी. म्हणजे असं, की चर्चचा मनोरा मॅनियनच्या गोठ्याच्या छपरावर बरोबर मध्यावर आला की एक रेघ धरायची. मग मागे वळायचं, बेटाच्या टोकावरचं एकटं पाइनचं झाड दगडी धक्क्याच्या सरळ वर दिसलं की दुसरी रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे बिशपची कवळी. हे त्याला त्याच्या वडलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडलांनी. कुठेही लिहिलेलं नाही.

मी एकदा म्हटलं होतं, "अरे फेस्टी, आता फोनमध्ये नकाशे आलेत."

"हो का? मग विचार की तुझ्या फोनला, त्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी तीन फूट खाली गेलं होतं तेव्हा तो कुठे होता म्हणून."

त्याला मूलबाळ नाही, लग्नच केलं नाही. भाचा मेलबर्नला, छपरं घालतो. म्हणून मी बारा वर्षांची असताना त्याला मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, की फेस्टी, तुझे सगळे खडक मी लिहून घेणार. गावातल्या दुकानातून निळी वही आणली. पहिल्या पानावर नाव घातलं, 'फेस्टीचे खडक, लिहिणार ग्रॉन्या मॅकडॉना'. तो वही हातात घेऊन बराच वेळ बघत होता. म्हणाला, "बरं. पण हे स्वयंपाकघरात बसून लिहायचं काम नाही. बोटीत बसून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहायचं. आणि माशी उठते तेव्हाच. तेव्हा आपण तळ्याच्या कानाकोपऱ्यात जातो."

माशी म्हणजे मेफ्लाय. आमच्याकडे मे महिन्यात कुणी नुसतं माशी म्हटलं तरी कळतं. दोन वर्षं तळ्याच्या तळाशी चिखलात पडून असते आणि मेच्या मध्यावर एका उबदार दिवशी हजारोंनी वर येते. पाण्यावर पंख वाळवते, उडून काठावरच्या झुडपांत बसते, आणि एकदोन दिवसांत खेळ खलास. तिला तोंडच नसतं धड, खाणार काय! पण ट्राउट तिच्यासाठी वेडे होतात. एरवी खोल बसणारे दोन-दोन किलोचे बाबे उघड्यावर येतात. मग गावही वेडं होतं. शाळेत निम्मी पोरं गैरहजर, ती झुडपांमधून माश्या वेचून लाकडी पेटीत भरत असतात. मीही वेचल्यात, पंखांना बोट न लावता, पाठीवर अलगद धरून.

त्या पंधरा दिवसांत गळ टाकायची आमची रीत वेगळी. सतरा फुटी काठी, पुढे मऊ रेशमी दोरा, गळाला दोन जिवंत माश्या. टाकायचं काही नसतं. काठी उभी धरायची, वारा दोरा उचलतो, आणि माश्या पाण्यावर नुसत्या टेकत टेकत नाचवायच्या. ट्राउट येतो तो आधी शेपटीचा फटका मारून माशी बुडवतो आणि मग सावकाश तोंडात घेतो. फटका बसला की नवख्या माणसाचं काळीज उडतं आणि तो काठी खेचतो. संपलं. माशी बाहेर, ट्राउट घरी.

म्हणून फेस्टीचा एकच नियम होता. थांब. आणि किती थांबायचं त्याचं मापही होतं. मासा वर आला की फेस्टीच्या आईचं पूर्ण नाव मोठ्यांदा म्हणायचं, मगच काठी उचलायची. ब्रिजेट ॲग्नेस कन्सेप्टा लायडन. बाई जाऊन तीस वर्षं झाली असतील, पण मे महिन्यात कॉरिबवर कुठेही कान दिलात तर कुणीतरी परदेशी माणूस तिच्या नावानं ओरडताना ऐकू यायचा.

ब्रेमेनचा एक उडो म्हणून दातांचा डॉक्टर यायचा दरवर्षी. पहिल्या खेपेला मी बोटीत होते, माश्यांची पेटी मांडीवर धरून. उडोनं सकाळपासून चार मासे घालवले.

"म्हटलं की मी नाव! म्हटलं!" उडो रडकुंडीला आलेला.

"काय म्हटलंस? ब्रिजेट लायडन म्हटलंस. ॲग्नेस कुठे गेली? कन्सेप्टा कुठे गेली? माझी आई अर्धीच खाल्लीस की तू."

"तुझ्या आईचं नाव फार लांब आहे!"

"बाईच लांब होती. चल, काठी धर. आणि रुग्णाचा दात इतक्या घाईनं उपटतोस का रे? मग तुझ्याकडे येतं कोण?"

पाचवा मासा आला तेव्हा उडो अक्षर अक्षर सुटं करत नाव म्हणाला, देवळात म्हणावं तसं, आणि काठी उचलली आणि काठी वाकली. एवढा मोठा माणूस, माझ्यासमोर ढसाढसा रडला. फेस्टी मात्र माझ्याकडे वळून म्हणतो, "वहीत लिही, उडो म्हातारीच्या गुडघ्यापाशी रडला."

मी लिहिलं नाही. हसत होते. म्हटलं, घरी जाऊन लिहू.

असंच चाललं ते. तेरा वर्षांची, चौदा, पंधरा. कधी वही घरी राहायची, कधी पावसानं भिजेल म्हणून काढली नाही. दोन मे शाळेच्या परीक्षांत गेले. मग डब्लिनला वकिलीला गेले आणि तिथल्या परीक्षा नेमक्या मे महिन्यात. फेस्टी मला चिडवायला वकीलबाई म्हणायला लागला. पण दरवर्षी फोन यायचाच. हॅलो नाही, कशी आहेस नाही. नुसतं, "माशी उठली." मी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. तो म्हणायचा, बरं. थांबण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे मला कधी वाईटही वाटलं नाही. तो काय, आहेच. तळं आहेच.

गेल्या मे महिन्यात तीन फोन आले.

पहिला सोमवारी. "माशी उठली, वकीलबाई."

"फेस्टी, शुक्रवारी पेपर आहे रे."

"बरं."

दुसरा बुधवारी. मी लायब्ररीत होते, बाहेर येऊन घेतला. "वारा दक्षिणेचा आहे. ढग आहेत. असा वारा सहा वर्षांत नव्हता. शनिवारी येतेस? यंदा गिऱ्हाइकं घेतली नाहीत मी. पाठ दुखते म्हणून सांगितलंय सगळ्यांना. बोट आपलीच आहे."

"खरंच पाठ दुखते का?"

"माझी पाठ तुझ्यापेक्षा बरी आहे."

"मग घेतली का नाहीत?"

तो म्हणाला, "वही आहे ना अजून?" मी म्हटलं, आहे. खोटं नव्हतं, आईकडे कपाटात होती. पण शनिवारी मी गेले नाही, पुढच्या आठवड्यात अजून दोन पेपर होते.

तिसरा फोन रविवारी दुपारी. आणि हा मला शब्दन्शब्द आठवतो. तो म्हणाला, "पोरी, यंदा थांबू नकोस."

मला हसू आलं. मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, "अरे वा, जन्मभर लोकांना थांबायला शिकवलंस आणि मला थांबू नकोस? थांब, तुझ्या आईचं नाव म्हणते पूर्ण, मग येते."

तोही हसला. म्हणाला, "म्हण." आणि मी म्हटलं, पटापट, गाण्यासारखं, ब्रिजेट ॲग्नेस कन्सेप्टा लायडन, आणि ठेवते म्हटलं, आणि ठेवला.

परीक्षा संपल्यावर तरी जायचं ना. तर मैत्रिणींचं पोर्तुगालचं ठरलं, स्वस्तात तिकिटं मिळाली, चार दिवस तिकडे. मग एका मैत्रिणीचा वाढदिवस. घरी पोचले तेव्हा जूनचा दुसरा आठवडा उजाडला होता आणि माशी केव्हाच संपलेली. काठावरच्या झुडपांत माश्यांनी टाकलेली नुसती कातडी लटकत होती, पारदर्शक, फुंकर मारली तरी उडतील अशी.

आणि कुरणात फेस्टीची बोट उलटी.

जूनमध्ये! हंगामाच्या ऐन मध्यात नावाड्याची बोट उलटी म्हणजे घरात काहीतरी झालंय. मी पिशवी तिथेच टाकून पळत गेले. दार उघडंच होतं, तो खुर्चीत बसला होता. मी दारात, उजेडात उभी. तो म्हणाला, "कोण?"

"फेस्टी, मी."

"अगं, वकीलबाई! ये ये." आणि तो बोलायला लागला, पण बघत होता माझ्या कानाकडे. मला वाटलं मागे कोणी आहे, मी वळूनसुद्धा बघितलं.

मग सांगितलं त्यानं. हवामानाबद्दल बोलावं तसं सांगितलं. डोळ्याच्या मधोमध डाग आलाय, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसतं, समोरचं जातं. गॉलवेच्या डॉक्टरनं त्याआधीच्या ऑक्टोबरमध्येच सांगितलं होतं, उन्हाळ्यापर्यंत पुरेल कदाचित, पुढे नाही. कुणाला बोलला नाही. आंधळ्या नावाड्याच्या बोटीत कोण बसणार? मेमध्ये अजून मनोरा दिसत होता, म्हणाला, मनोरा आणि गोठा दोन्ही. धूसर, पण होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मनोरा गेला.

"मला सांगितलं का नाहीस?" मी किंचाळलेच. "फोनवर सांगायचं होतंस!"

"तुझा पेपर होता ना."

मी तशीच घरी गेले, कपाटातून वही काढली आणि आईला घेऊन आले. आम्ही तिघांनी बोट सुलटी केली, आईनं ट्रॅक्टरनं ओढून पाण्यात घातली. इंजिन मी धरलं. फेस्टी पुढे बसला, माझ्याकडे तोंड करून, तळ्याकडे पाठ. म्हटलं, आता नाही तर कधी नाही, तुझ्या आठवणी आणि माझे डोळे.

"मनोरा दिसतो?" तो विचारायचा.

"दिसतो."

"मॅनियनचा गोठा?"

"हा. छपरावर आला मनोरा. आला, बरोबर मध्ये!"

"मग मागे वळ. बेटाच्या टोकाला पाइन बघ."

मी वळून बघितलं. पाइन नव्हतं. बेटाच्या टोकाला मोडलेलं खोड होतं आणि ते कुठल्या झाडाचं, ते धक्क्याच्या कुठे यायला हवं, मला काही कळेना. हिवाळ्यातल्या वादळात पडलं असणार. त्याला माहीतच नव्हतं.

"पाइन पडलंय, फेस्टी."

तो म्हणाला, "असू दे. मग पांढरं घर धर. धक्क्याच्या मागे एक पांढरं घर आहे, टीर्नीचं."

"पाच आहेत पांढरी. सगळी नवीन. सुट्टीला येणाऱ्यांची."

"पाच?"

"सहा. एक झाडामागे आहे."

तो हात मांडीवर ठेवून बसला. वारा अगदी मंद होता. मी इंजिन हळू केलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात खालून खर्रर्र आवाज आला आणि बोट थांबली. अख्खी बोट एका बाजूला कलली. मी घाबरून इंजिन बंद केलं.

फेस्टीनं बाही वर केली, काठावरून वाकून हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत. चाचपत राहिला. आणि त्याच्या तोंडावर हसू आलं, इतकं आलं की बस.

"बिशपची कवळी," तो म्हणाला. "चव्वेचाळीस वर्षं हिच्या बाजूनं गेलो. हात आज लावला. ये, तू पण लाव."

मी लावला. थंडगार, बुळबुळीत, खरोखर दातांसारख्या खाचा.

"लिही," तो म्हणाला. "खूण काय लिहिणार? लिही, इथे आपटलो."

मी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, कारण रडत होते. तो म्हणाला, "उडो इथून बराच पलीकडे रडला होता, तेवढं मात्र मध्येच घालू नकोस."

त्या दिवशी चार खडक लिहिले, दुसऱ्या दिवशी पाच. सोमवारपासून मला डब्लिनला एका वकिलाच्या ऑफिसात उन्हाळ्याचं काम होतं. मी म्हटलं, सोडते. तो रागावला, काम सोडलेल्या माणसाला खडक दाखवत नाही म्हणाला. ख्रिसमसला आले तर पाणी चढलेलं, बोट काढण्यासारखं नव्हतं. आम्ही स्वयंपाकघरात बसून प्रयत्न केला. पण खुर्चीत बसलं की त्याला काही येईना. मनोरा कशावर यायचा, हात हवेत धरून शोधायचा, मग म्हणायचा, "बोटीत असतो तर कळलं असतं." त्याचं ज्ञान त्याच्या मानेत होतं, वळण्यात होतं. ते तोंडानं सांगता येत नव्हतं.

फेब्रुवारीत गेला. सकाळी, खुर्चीत, बूट घालून. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. वहीत नऊ खडक आहेत. बाकीचे कॉरिबमध्ये आहेतच, पण आता त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. त्यांची नावं गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. हे मला कुणी समजावून सांगू नका, की तू लहान होतीस, परीक्षा होत्या. तीन पेपर मी दिले. त्यातल्या एकाचं नावसुद्धा आठवायला मला आत्ता थांबावं लागलं.

आता तो फोटो. आई काल त्याच्या घराच्या खिडक्या उघडायला गेली होती, ओल येऊ नये म्हणून. टेलिफोनच्या वर भिंतीवर फेस्टीनं नंबर लिहून ठेवले होते, माशी उठली की ज्यांना कळवायचं त्यांचे. सुतारी पेन्सिलीनं, बारीक बारीक. अकरा जण. चौघांच्या नावापुढे छोटा क्रॉस, म्हणजे ते वारले. आणि सगळ्यात खाली, जाड काळ्या पेनानं, एकेक आकडा तळहाताएवढा, कुठला कलणारा, कुठला दुसऱ्यावर चढलेला, माझा नंबर. एवढे मोठे आकडे कशासाठी, ते कळायला मला एक सेकंद लागला. मग मी हॉस्टेलच्या जिन्यात खालीच बसले. बाकीच्यांना तो पाठ दुखते सांगून मोकळा झाला होता. त्याला गेल्या मेमध्ये एकच नंबर वाचता यायला हवा होता.

त्यातल्या तीनच्या आकड्यावर एक माशी बसलेली होती. फोटोखाली आईनं दोनच शब्द लिहिले होते. माशी उठली.

मी मग उरलेले सातही नंबर लावले, फोटोवरून वाचून. दोन बंद होते, तीन कुणी उचललेच नाहीत. लीड्सच्या एका आजोबांना ऐकू येत नव्हतं, त्यांच्या सुनेनं निरोप लिहून घेतला. उडोनं उचलला. मी सांगितलं कोण ते, फेस्टीचं सांगितलं, त्याला माहीतच नव्हतं. तो म्हणाला, यंदा दवाखाना सोडून येणं कठीण आहे, पुढच्या वर्षी नक्की. मी म्हटलं, "उडो, असं मीही म्हणायचे." मग सावकाश, एकही शब्द न खाता, त्यानं ते नाव म्हटलं. ब्रिजेट. ॲग्नेस. कन्सेप्टा. लायडन. आणि म्हणाला, तिकीट बघतो. येईल की नाही मला माहीत नाही.

गुरुवारी माझा पेपर आहे. बस ॲथलोनच्या पुढे आलीये, बाहेर ढग आहेत आणि झाडं उत्तरेकडे वाकतायत, म्हणजे वारा दक्षिणेचा. वही मांडीवर आहे. नऊ खडकांपर्यंत मी जाऊ शकते, पुढे मला कुणी नेणारं नाही.

तुमचंही कुणीतरी असेल. ज्याला तुम्ही दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणता आणि जे तुम्हाला बरं म्हणतं. ते कारण सांगणार नाहीत, तुमचा पेपर आहे म्हणून. तर प्लीज, हे वाचून झालं की लाइक वगैरे करत बसू नका. त्यांच्याकडे जा. या आठवड्यात जा, शनिवारीच जा, आणि लिहायला काहीतरी बरोबर न्या.